उजव्या कोपऱ्यातलं बोट

बारा फोटोंचा रोल होता.
जालन्याहून निघतानाच बाबांनी हिशेब मांडला,
एसटीच्या तिकिटामागे, टोक बसलेल्या पेन्सिलीनं:
नवा राजवाडा दोन, भवानी मंडप एक,
रंकाळा दोन, पंचगंगेचा घाट एक,
पन्हाळ्याला चार,
उरलेले दोन अडीअडचणीला.

फोटोला कसली आलीय अडचण,
हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

बाबांना सगळं लागायचं, अख्खं.
कळसापासून पायरीपर्यंत इमारत
आणि तिच्यापुढं आम्ही उंचीप्रमाणे:
मुकुंदमामा, आई, मी, झोपेतून उठवलेला विनू.
मावत नाही म्हणून ते मागं सरकायचे,
मागं, अजून मागं,
राजवाड्यापुढं तर पाय थेट गुलाबाच्या आळ्यात.
माळी ओरडला. आम्ही हसलो.
तेवढ्यात खटका दाबला गेला.

आज माझ्या लेकीच्या हातात फोन आहे
आणि मोजदाद कसलीच नाही.
सकाळपासून ओजूनं एकशे सदुसष्ट काढलेत,
एकातही कोल्हापूर पुरतं दिसत नाही.
भवानी मंडप म्हणजे
कमानीखालच्या ओल्या फरशीवर उमटलेली सायकलची दोन चाकं.
घाटावरची दीपमाळ
पाण्यात बसलेल्या म्हशीच्या दोन शिंगांमध्ये.
त्या फोटोसाठी पोरगी पायरीवर पालथी पडली,
नवा कुर्ता शेवाळात.
बिंदू चौकातल्या तटाचा नुसता एक दगड,
त्याच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं पान
आणि कुणीतरी खोचून ठेवलेलं बसचं तिकीट.
अंबाबाईच्या देवळात फोन आत नेऊ देत नाहीत
म्हणून तिनं बाहेर काढलेल्या चपलांचा काढला:
आजीच्या, माझ्या, स्वतःच्या,
आणि मधे घुसलेली कुणाची तरी करकरीत कोल्हापुरी.

मी म्हटलं, अगं, देऊळ कुठंय यात?
म्हणाली, आपण आत होतो ना, तिथंच.

दुपारी राजवाड्यावर.
आईनं पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीतला तो फोटो काढला,
आळ्यात पाय गेला तेव्हाचा.
मनोऱ्याचं घड्याळ अर्धं कापलेलं, मामाला टाळू नाही,
विनू हललेला,
आणि उजव्या कोपऱ्यात एक राखाडी, धूसर उंचवटा.
स्टुडिओवाल्यानं याचे पैसे घेतले नव्हते.
'हा वाया गेला, मास्तर. तुमचं बोट आलंय.'
बाबा चार दिवस हळहळले.
मनिऑर्डरींचे आकडे एका नजरेत जुळवणारा माणूस,
आणि बारातला एक असा.

बाकीचे अकरा झकास आले होते.
त्या अकरांत बाबा नाहीत.

'नख निळं होतं तेव्हा,' आई म्हणाली,
'निघायच्या आदल्या दिवशी
ट्रंकेच्या झाकणात चेंगरलं होतं.'
फोटो काळापांढरा.
तिला निळं दिसतंय.

ओजूनं पाण्याची बाटली डोळ्यापुढं धरली,
घड्याळाचा मनोरा बाटलीत उलटा झाला,
तो टिपला. मग आजीकडून जुना फोटो घेऊन
बराच वेळ ती गवतावर इकडून तिकडे फिरली,
एक डोळा मिटून.
'आजोबा इथं उभे असणार,' म्हणाली शेवटी.
तिथं आता आळं नाही. कचऱ्याचा डबा आहे.

बुलेटवरून उतरलेला एक जण मघापासून बघत होता.
'कुठनं आलायसा? जालना? लई लांबनं की!
आणा इकडं मोबाईल. समदी ऱ्हावा हुबी.
मावशी, हसा की जरा,
दातं काय भाड्यानं आणल्यात व्हय?'
आई खरंच हसली. दातं नवीच होती.

त्यानं सात काढले.
सातही नेमके. घड्याळ अख्खं, काटे सुद्धा,
माणसं अख्खी, टाळूपासून चपलांपर्यंत.
आभार मानेपर्यंत बुलेट
धडधडत फाटकाबाहेर.

आईनं फोन मागून घेतला,
चष्मा कपाळावर सरकवला,
पडदा अगदी नाकाशी नेला
आणि घड्याळ नाही, आम्ही नाही,
उजवा कोपरा बघितला.

स्वच्छ होता.