आतल्यांची वाडी

आचऱ्याच्या तिठ्यावर माझं कोल्ड्रिंक हाऊस,
नावात हाऊस, अंगाने टपरी.
कुडाळहून पेडणेकरांचा ऋत्विक मोटरसायकलवरून आला,
नारिंगी बाटल्यांना कोपराने मागे सारून
बारा डबे फ्रीजमध्ये रचून गेला.
"काका, खपले तर पैसे. नाहीतर तुम्हीच प्या."

रात्री चष्मा पुसून डब्याची पाठ वाचली.
साखर चार ग्रॅम. उष्मांक पंचवीस.
आणि कसल्याशा मुळातला तंतू,
जो म्हणे आपल्याला पचतच नाही.
आपण नुसते हमाल,
तो खाली नेऊन पोचवायचा
आतड्याच्या त्या वळणापर्यंत
जिथे न दिसणारे कोट्यवधी जीव पंगतीला बसलेत.
पान त्यांचं. आपला फक्त घोट.

मग नारिंगी बाटलीची पाठही वाचली.
तेवीस वर्षं विकतोय, कधी वाचली नव्हती.
तेवढी साखर तराजूत घालत गेलो
काटा थांबेपर्यंत,
आणि वाटीकडे बघत बसलो.
एवढ्यात आमच्या घरी चौघांचा चहा होतो,
वर पाहुण्याला दुसरा कप.

इनास फर्नांडिस रोज अकराला येतो.
रापणीचा माणूस. एकेकाळी दोर ओढताना
त्याच्या टाचा वाळूत विहिरी खणायच्या.
गेल्या वर्षी ओरोसच्या हॉस्पिटलात
उजव्या पायाची दोन बोटं ठेवून आला.
येतो, बाकड्यावर काठी आडवी ठेवतो,
"एक नारिंगी."
आणि मी देत आलो.
गिऱ्हाईक म्हणून दिली, दोस्त म्हणून दिली,
कुठल्याही बाजूने धरा, देणारा मीच.

त्या दिवशी डबा ठेवला पुढ्यात.
"ह्यां काय?"
"पी."
प्यायला. जीभ टाळूला लावून थांबला.
"कोकमाचा सरबत करतंय म्हणान सांगून
कोण तरी निघान गेलो, तसा लागता."
मी त्याला आतल्या पंगतीचं सांगितलं.
"म्हणजे मेल्या, तुमची राखणदाराची वाडी!"
असं हसला की काठी खाली पडली.

वाडी आम्ही दरसाल देतो.
कुंपणाच्या कोपऱ्यात भात, वडे, कोंबा, वर थोडी माडी,
त्याच्यासाठी, जो दिसत नाही,
रात्री काठी आपटत हद्दीवरून फिरतो.
मागत नाही. आभार मानत नाही.
पण विसरलात तर मोहोर करपतो,
गुरं वाट चुकतात.

इनासने ढेकर दिला, मग क्रूस काढला, असा उलटा क्रम.
आणि डब्याकडे बघतच विचारलं,
"माझी दोन बोटां काय
वाडी चुकली म्हणान गेली?"

मी फ्रीजचं दार उगाच उघडलं,
उगाच बंद केलं.

"कितक्याक?"
डबा नव्वदचा. नव्वदात बांगड्यांचा वाटा येतो,
घर दोन वेळा जेवतं.
"वीस," मी म्हटलं.
"नारिंगीयेएवढेच?"
"तेवढेच."

अकरा दिवस, अकरा डबे.
बारावा मी प्यायलो, लाईट गेली होती तेव्हा,
मागच्या पडवीत, बाबांच्या गोटी सोड्याच्या मशीनला टेकून.
मशीनचा गंज हाताला लागला.
बाबा साखरेचा पाक कडक करायचे,
पोरं बाटली परत देताना गोटी मागायची,
एकालाही मिळाली नाही.
खाडीकडून वारा येत होता.
पोटात काहीतरी गुरगुरलं,
आणि मला उगाच वाटलं, कुणीतरी
काळोखात हात धुऊन जेवायला बसलंय,
ज्याला मी साठ वर्षांत
एकदाही बस म्हटलं नव्हतं.

ऋत्विक आला. रिकामा कप्पा बघून खुलला.
"खपले! मी म्हटलं नव्हतं, काका,
लोकांना आता कळायला लागलंय?"
मी गल्ल्यातून पैसे मोजले,
वीस-वीसच्या नोटा आधी,
उरलेले खिशातून, त्याच्याकडे पाठ करून.
"मग चोवीस ठेवू?"
बाहेर काठीचा आवाज आला. अकरा वाजत होते.
"बारा ठेव," मी म्हटलं,
"आणि तो बसलाय तोवर
किमतीचं बोलू नको."