उजवा खालचा कोपरा

वरळी नाक्याच्या मागे,
बॅटरीवाल्याच्या आणि चावीवाल्याच्या मध्ये
साडेसहा बाय आठचं माझं दुकान.
लग्नपत्रिका, भाडेकरार, रबरी शिक्के, मंडळाची पावतीपुस्तकं
आणि निधनाची पत्रकं.
ती त्याच दिवशी, जादा न घेता.

पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात
तो राहतो.
लॅमिंग्टन रोडच्या शब्बीरने फुकट बसवून दिला,
म्हणाला, ताई, वर्षभर डोक्याला ताप नाही.
वर्ष कधीच संपलं.
आता तासातासाला वर येतो
लाल त्रिकोण घेऊन,
भिशीचा हप्ता चुकला म्हणून दारात येणाऱ्या बाईसारखा,
हळू बोलणारा
पण शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतपतच हळू.

तुमचं संरक्षण संपलं आहे.
फुली मारली की विचारतो, नक्की?
नक्की म्हटलं की विचारतो, का?
आणि पाच कारणं पुढे करतो.
बाराशे नव्व्याण्णव रुपये नाहीत,
हे कारण त्या पाचांत नसतं.

फुलीसुद्धा मुंगीएवढी.
नेम चुकला की त्याचं दुकान उघडतं:
सोनेरी योजना, रुपेरी योजना,
कुटुंब योजना, पाच उपकरणांसाठी.
माझ्या कुटुंबात मी
आणि हेच एक उपकरण.

मंगळवारी दुपारी हरेश्वर वैती आले, कोळीवाड्यातले.
वहीचं पान, घडी घामाने मऊ झालेली.
पन्नास काढ, म्हणाले, फोटोसकट.
मी टाइप केलं, कै. मंजुळा हरेश्वर वैती,
वय वर्षे एकसष्ट,
तेवढ्यात कोपऱ्यातून तो उठला.
या वेळी हिरवा, शहाण्या मुलासारखा.
धोका सापडला. धोका विलग केला.
तुम्हाला काही करण्याची गरज नाही.

धोका म्हणजे माझा फॉन्ट.
अठ्ठ्याण्णव सालचा, सीडीवरून सीडीवर आलेला,
ज्याचा ळ जरा डावीकडे कलतो,
ज्यात अख्ख्या नाक्याची बारशी आणि बारावी छापली.
पडद्यावर मंजुळाबाईंच्या जागी
डॉलर, टक्का, उलटा कंस, दोन टिंबं.

वैती पुढे वाकले.
नाव कुठे गेलं?
अडकलंय, म्हटलं. विलगीकरणात.
ते थोडा वेळ गप्प.
मग म्हणाले, तिला पण तिथेच ठेवलेली,
कस्तुरबात, नऊ दिवस.
काचेतून हात करायची.
पंख्याने वहीचं पान उडालं, मी त्यावर स्टेपलर ठेवला.
सोडवून आणता येतं?
येतं, म्हटलं.

सेटिंगमध्ये सेटिंग, त्यात अजून एक दार,
इतिहास, तपशील, वगळणूक,
आणि प्रत्येक दारात तोच उभा.
ही फाइल तुमचं नुकसान करू शकते.
तरी परत आणायची?
माझ्या खांद्यावरून वैती वाचत होते, ओठ हलवत.
हो, म्हणाले.
नक्की?
हो, म्हणाले, मोठ्याने,
चावीवाल्याने मान वळवून पाहिलं.

मंजुळा आली.
ळ डावीकडे कललेला.
पन्नास कागद गरम गरम त्यांच्या हातात दिले,
ते छातीशी धरून उभे राहिले
आणि कोपऱ्याकडे बोट करून म्हणाले,
ह्यो अजून काय मागतो?
मी वाचून दाखवलं,
नंतर आठवण करून देऊ?
वैतींनी पैसे मोजून ठेवले.
नको सांग त्याला, म्हणाले.

रात्री नऊला बॅटरीवाल्याचं शटर पडलं.
मी मशीन बंद करायला गेले तर
अपडेट चालू आहे, कृपया बंद करू नका.
डॉलर-टक्क्यांचा एक कागद चुकून छापला गेला होता.
त्याच्या पाठीवर हिशेब मांडत बसले आहे,
वीज, टोनर, भाडं,
बाराशे नव्व्याण्णव लिहून खोडलेले,
शटर अर्धं खाली.
सत्तावीस टक्के.
मघाशीही सत्तावीसच होते.