चौदाच्या पुढे

पाषाणच्या लॅबमध्ये रात्री पावणेदोनला
पुन्हा तोच निरोप: मेमरी संपली.
चौदाच्या पुढे काळ सरकत नाही.

ओळीत साठ स्पिन. सुरुवातीला सगळे वर तोंड करून,
कुणाचं कुणाशी काही नाही.
एका ओळीत लिहून संपेल एवढीच त्यांची हकिकत.
मग मी फील्ड बदलते, एका झटक्यात,
आगाऊ सूचना न देता,
आणि जागोजागून जोड्या सुटतात,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
ठरल्या वेगानं, त्याहून भरभर नाही.
मी मधोमध रेघ मारून मोजत बसते:
रेघेच्या अल्याड एक, पल्याड त्याचा जोडीदार.
गुंता चढतो सरळ रेषेत
आणि तो उतरवून घ्यायला लागणारा कागद
दुप्पट, चौपट, आठपट.

गेटवरचे गुरव विचारतात, "मॅडम, रोज काय मोजता?"
"गुंता."
त्यांना ऐकू येतं गुंतवणूक.
"आमचेपण अडकलेत," ते म्हणतात,
"पतपेढीत. बावीस हजार."
मी दुरुस्त करत नाही.
थर्मासमधला चहा दोघांत पुरतो.

पण इथे बुडालेलं काहीच नाही, हे त्यांना कसं सांगू?
अख्खी साखळी आत्ताही तितकीच नितळ आहे,
पहिल्या क्षणाला होती तशी, तंतोतंत.
फक्त एकाला बाजूला घेऊन विचारलं, वर की खाली,
तर तो खांदे उडवतो.
त्याचं उत्तर त्याच्यापाशी उरलेलं नाही,
आणि शेजाऱ्याला विचारून कळेल
असंही आता राहिलं नाही.

सुतारवाडीच्या खोलीत कुकर माझ्याकडे आहे.
शिट्टी शर्वाणीकडे, हैदराबादला,
कुठल्यातरी खोक्यात, मार्चपासून.
दोन तासांत सामान भरलं होतं तिनं.
फोनवर दोघी म्हणतो, पाठवू, नेऊ, बघू.
मी भात पातेल्यात करते.

पुढे जायचं तर एकच उपाय:
बारीक आकडे टाकून द्यायचे.
सर म्हणतात, आठव्या दशांशापलीकडचं क्षुल्लक समज.
समजते. सातव्यापलीकडचंही.
तेवढ्यानं चौदा पूर्णांक तीनपर्यंत पोचते,
आणि त्यानंतरचा आलेख
दिसायला छान असतो, खरा नसतो.

जॉब पुन्हा लावला. रांगेत नववा.
खाली गुरवांचा रेडिओ खरखरतोय.