बुश

उद्यमनगरात, पत्र्याच्या शेडात,
हिंदुराव मिस्त्रींनी माझ्या हातात
तेलाचे डाग पडलेला निळा कागद दिला.
"हे ड्रॉइंग. ह्याच्या भाईर जायचं न्हाई."
मी विचारलं, हा बुश बसतो कुठं?
"तुला काय करायचंय? माप धर."

एकोणीस वर्षांचा होतो. राग आला.
तालमीत वस्तादांचं ऐकलं नव्हतं, खांदा निखळला.
घरात वडलांचं ऐकलं नव्हतं, म्हणून इथं.
आणि आता हा कागद.

लेथ सुरू करण्याआधी मिस्त्री
बेडवर हात ठेवून कपाळाला लावायचे.
काळा ठिपका दिवसभर तसाच.
मी मनात हसायचो,
बिडाला काय कळतंय?

मग सगळं करून पाहिलं.
स्वतःचं वर्कशॉप, दोन लेथ, एक शेपर.
राजारामपुरीत फ्लॅट.
निवडणुकीत एकाच्या जीपमागं धावलो,
सभेत पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली,
बसल्यावर कळलं, डुगडुगतेय.
रात्री रंकाळ्याच्या कट्ट्यावर
भेळेचा कागद चुरगाळत हिशेब मांडायचो:
एवढं झालं,
मग आत हे पोकळ काय वाजतंय?

मिस्त्री गेले त्या कार्तिकात
बायकोनं ओढून किरणोत्सवाला नेलं.
महाद्वारातून ऊन आत शिरलं,
गरुडमंडप, पितळी उंबरा,
गर्दीनं श्वास धरला,
ऊन अंबाबाईच्या पायांना लागलं,
गुडघ्यापर्यंत चढलं,
आणि ढग.

"वाया गेलं," शेजारचा म्हणाला.
मला तो पाथरवट दिसत राहिला
ज्यानं ही चौकट ओळंब्यात धरली.
सूर्य पोचेल की नाही
हे त्याला कुणी सांगितलं नसणार.
दार सरळ ठेव, एवढंच सांगितलं असेल.
त्यानं ठेवलं.
नाव कुठं कोरलंय का बघितलं,
सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेडात
बेडवर हात ठेवला. गार होता.
कपाळाला लावला आणि भ्यालो.
पोलिसाला भितो तसं नव्हे,
खोल विहिरीच्या काठावर
आपला आवाज आपोआप खाली येतो,
तसं.
त्या दिवशी एक बुश दोन सूत कमी उतरला.
गिऱ्हाइकाला कळलं नसतं.
भंगारात टाकला.

परवा प्रयाग चिखलीला
भाच्याच्या शेतावर गेलो होतो.
नदीकाठी जुनं ऑइल इंजिन चालू होतं,
धक् धक् धक्,
पाटातून पाणी उसाच्या मुळाशी चाललेलं.
भाचा म्हणाला, "मामा, चाळीस वर्षं झाली,
आतला बुश बदलला नाही अजून."
कुणी केला, त्याला ठाऊक नव्हतं.
मीही विचारलं नाही.

थोडा वेळ ऐकत उभा राहिलो.
मग पायताण काढून बाजूला ठेवलं.