मानस

आमच्या मालारात बांधाला जे लाकडी दार असतं
त्याला मानस म्हणतात.
मनालाही तोच शब्द आहे हे शाळेत कळलं तेव्हा
गंमत वाटली होती. तेवढीच.

मंगळवारची रात्र. बांबोळीचा रिपोर्ट गुरुवारी मिळायचा.
फिलोमेन भांडी आवरून निजली,
उजव्या कुशीवर, डावीकडे टाका आहे म्हणून.
मी कौलं मोजली.
मग उरलेली रजा, धाकट्याची फी,
सोसायटीचा हप्ता,
मग जेवणाच्या टेबलाशी एक रिकामी खुर्ची,
मग परत कौलं.

आल्तारासमोर दिवा मीच लावला होता.
तीनदा ‘आमच्या बापा’ म्हटलं होतं, ओठांनी;
आत हिशेब चालूच होता,
गिऱ्हाइकाशी बोलता बोलता
दुकानदार गल्ला मोजतो तसा.

अमावास्येचं उधाण होतं.
टॉर्च घेऊन बांधावर गेलो, उगाच.
तिथं रुझार तियू बसलेला,
मानसाचा राखणदार, सत्तरीच्या पलीकडचा,
पोटऱ्यांवर वाळलेला चिखल, कानावर अर्धी विडी.
‘भरती चढतेय,’ मी म्हटलं, ‘दार कोण लावणार?’
बेचाळीस वर्षं या गावात राहून
हे कधी विचारलं नव्हतं.
‘पाणी,’ तो म्हणाला.

मांडवी आली,
तिवरांच्या मुळांमधून, काळी, आवाज न करता.
फळ्यांना तिचा खांदा लागला.
दार एकदा कुरकुरलं
आणि मिटलं.
बुडवायला जे आलं होतं
त्याच्याच रेट्यानं घट्ट बसलं.
पलीकडे पुरुषभर खारं पाणी,
अलीकडे पोटरीला आलेलं कोरगूट
वाऱ्यावर नुसतं हलत होतं.

‘आणि फुटलं तर?’
‘फुटलंय की. माझ्या लग्नाच्या साली.
तीन वर्षं शेतात मिठाशिवाय काही पिकलं नाही.’
‘मग?’
‘मग काय, पुता. अख्खा वाडा टोपल्यांनी चिखल घेऊन आला.
देव होता त्यात. कुठली टोपली त्याची, ते नाही सांगता येत.’

विडी पेटवायला त्याला तीन काड्या लागल्या.
‘दुपारी खेकड्यांची भोकं बुजवली. सतरा होती.
ते माझं काम.
रात्रीचं माझ्याकडे नाही.’
कपाळावरून छातीवर हात फिरवला,
डास हाकलावा इतक्या सहज,
आणि माडाच्या झावळ्यांच्या खोपीत शिरून
पाच मिनिटांत घोरायला लागला.
त्या घोरण्याचा मला रागच आला आधी.

सायबा,
पाणीच येणार नाही असा बांध
मी तुझ्याकडे मागत होतो.
तसा या बेटावर एकही नाही.
आणि खेकड्यांची भोकं
मी मध्यरात्री शोधत होतो, अंधारात, विझत्या टॉर्चनं,
जिथं पाय पडेल तिथं नवीन पाडत.

घरी आलो. फिलोमेन जागी होती.
‘कुठं गेला होतास?’
‘मानस बघायला.’
‘लागलं?’
‘लागलं.’
ती सरकली, माझ्यापुरती जागा केली.
तिच्या हाताला डेटॉल आणि कोकमाचा वास होता.
पुन्हा प्रार्थना म्हणावी असं वाटलं,
शब्द आले नाहीत,
तसाच पडून राहिलो, उघडा,
कुणीतरी पलीकडून रेटतंय हे कळत असताना.

गाढ झोप लागली असं सांगणार नाही.
दोनदा जाग आली. एकदा कौलं मोजायला घेतली,
अकरावर हरवली.

बुधवारी सकाळी ओहोटीला
दार आपोआप उघडलं होतं;
आतलं गढूळ पाणी नदीत चाललं होतं,
तोंडाशी बगळा उभा.
मी टोपली घेतली.
तियूनं न बघताच बोट दाखवलं:
‘तिकडून सुरू कर. रात्रीत नऊ पाडलीत.’

गुरुवार अजून यायचा आहे.