लाट, उद्यमनगर

लेथ बंद झाल्यावर, साडेआठनंतर
शेडमध्ये आमचा समुद्र सुरू होतो.
गिटारच्या तारांना अजून ग्रीस,
अ‍ॅम्प्लिफायर तालमीचा, उसना.

शेजारचे अण्णा चुयेकर शटरखालून वाकतात :
"लाट कवा बघितलीसा रं?
रंकाळ्यात म्हस उतरली की हलतंय
तेवढंच पाणी आपलं!"

आम्ही हसतो. गाणं तिसऱ्या वळणावर
रोज फुटतं. तिथं लाट उभी राहते
आणि सगळ्यांचे हात आखडतात,
विशाखाचे सोडून.

ती कुंभार गल्लीची. एकोणीसच्या पुरात
ट्रॅक्टरच्या ट्यूबवर
लकवा झालेली आत्या बसवून
ढकलत आणलेली तिनं, गळाभर पाण्यातून.
मागं डोळे न रंगवलेले गणपती
विरघळत होते.

हे ती सांगत नाही. आत्या सांगते, कुणीही भेटलं की.
विशाखा ड्रमच्या काठ्या एकमेकींवर आपटते :
"उंची बघायची न्हाई.
फुडचा हात कुठं पडतोय, तेवढंच."

एक, दोन, तीन,
आणि पत्रा थरथरतो,
डब्यातले नट-बोल्ट नाचायला लागतात,
मी डोळे मिटून तिच्या मागनं आत शिरतो.

उघडले, तर अण्णा अजून शटरपाशीच.
पायजमा दोन्ही हातांनी
गुडघ्यापर्यंत वर धरलेला.