चेक-आउट अकरा वाजता

वाफ्यातून पुढं सरकता सरकता शेवंता विचारते,
बाई, शेवटच्या दिवशी काय पाह्यलं?

आधीचे तीन दिवस तिनं फोनवर पाहून झाले.
मनोरा, घोडागाडी, पुलावर ठिबकच्या कंपनीचं बॅनर धरून
आम्ही बावीस जण, मधात मी,
साडीवर नवऱ्याचं जाकीट.
चौथ्या दिवसाचा एकही फोटो नाही.

अकराला खोली सोडायची होती.
चावी म्हणजे एक कार्ड. ते दिलं न् झालं,
तीन रात्री माझा असलेला पलंग
माझा नाही राहिला.
बॅग जिन्याखालच्या खोलीत, तिच्या बदल्यात
एक बिल्ला, सत्तावीस नंबरचा.
विमान रात्री नऊला.
बाकीचे गेले चॉकलेटं घ्यायला.
माझ्याजवळ चार युरो न् थोडी चिल्लर.
मी बसली नदीकाठच्या बाकावर,
वरूडच्या स्टँडवर बसते तशी,
पिशवी मांडीवर, पदर कानावरून.
तिथलं सुटलं होतं
न् इथलं अजून यायचं होतं.

कोणी पाहत नव्हतं म्हणून जोडे काढले.

शेवंता, त्या सेव्हिलात रस्त्यानं संत्र्याची झाडं आहेत,
आपल्याकडं कडुनिंब असावा तशी.
फळांनी लदलेली, न् खाली सडा.
माणसं पाय वाचवून जातात.
म्हटलं, इतका माल! यांच्याकडं
व्यापारी फिरकला नाही काय?
एक उचललं, सोललं, फोड तोंडात टाकली

अन् टाळूपासून कानापर्यंत कडू.
झाडूवाला पोरगा हसला.
मान हलवली, पोट धरून दाखवलं,
मंग पाण्याची बाटली पुढं केली.

मी पान तोडलं. चुरगाळून हुंगलं.
दुसऱ्या पानाचा देठ पाह्यला,
देठाला पंख, रुंद,
आपल्या संत्र्याला नसतात एवढे.
तेव्हा समजलं.
खुंट होते ते.
साऱ्या शहरात खुंटच खुंट,
वीतभर उंचीवर कोणी चीर दिली नाही,
डोळा बसवला नाही,
वाढू दिलं तसंच, सावलीसाठी, फुलांच्या वासासाठी.
माझा हात आपसूक कमरेला गेला.
चाकू कुठला. चाकू इथं, तुझ्यापाशी.

तीन वाजेपर्यंत मी तिथंच.
तो पोरगा फळं झाडत होता,
झाडून झालं की मागं पुन्हा एखादं पडत होतं,
धप्प.
दोघंही त्याकडं पाहत होतो.

बिया आणल्या काय?
नाही, म्हणते मी.
मंग वायाच गेला म्हण दिवस,
शेवंता पट्टी दातात धरते,
पेन्सिलीएवढ्या जंबेरीला चीर देते
न् न पाहताच हात पुढं करते.

मी डोळा काढून तिच्या बोटांवर ठेवते.
हिरवा, ओला,
या घडीला कोणत्याच झाडाचा नाही.